शंभर मोज, रेघ येती

आवो, ऐकून राहिले का? तुमची तेरवी होऊन आज पाचवा दिवस हाय. पाव्हणे गेले, मंडप सोडून नेला, दुकानाला कुलूप हाय, अन मी सोनीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून राहिले. माझी चौथी झाली तेवढीच, अक्षर वाकडं येतं, लिहिता लिहिता दम लागतो, पण लिहायची सवय तुमीच लावली. दुकानात कोणाचा रेडिओ नाही तर टीव्ही आला की त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची, अन ती म्या लिहायची. कोणाचं हाय. काय बिघडलं. कव्हापासून बिघडलं. तुमी म्हणायचे, तिसरं सगळ्यात मोठं, कव्हापासून ते इचारल्याबिगर वस्तू ठेवून घेऊ नको, तिथंच अर्धी दुरुस्ती असती.

तर ही चिठ्ठीच समजा. कोणाचं, तर माझं. काय बिघडलं ते सांगते. कव्हापासून, तेवढंच सांगायला मला भ्या वाटून राहिलं.

तुमच्या आई परवापर्यंत मला रोज एकच गोष्ट इचारायच्या. आत्याबाईचं तुमाला ठाऊक हाय, त्या तोंडाकडं बघून न्हाई इचारत, तूर निवडता निवडता सुपात बघून इचारायच्या, "शेवटाला काय बोलला गं माझा लेक?" अन मी म्हणायची देवाचं नाव घेतलं. मग त्या डोळ्याला पदर लावायच्या अन म्हणायच्या, "नरशीचं पोरगं, नामदेवाच्या सावलीत वाढलं, दुसरं काय बोलंल." दुसऱ्या दिवशी पुन्हा इचारायच्या. त्यांना तेवढंच गोड लागायचं, अन मी दर येळेला उठून आत जायची. कारण तुमी देवाचं नाव घेतलं न्हाई. तुमी काय बोलले ते मला एकटीला ठाऊक व्हतं, अन ते ऐकून म्या काय केलं तेबी.

सगळं त्या रेघीपासून हाय.

सोनी पोटात व्हती तव्हा तुमी हैदराबादला जुन्या बाजारात गेले, टीव्हीचे पार्ट आणायला, अन आले ते मांडीवर पोतं घेऊन काळी-पिवळीतून उतरले. जीपवाला वरडून राहिला व्हता की पोतं टपावर टाका, अन तुमी त्याला म्हणले, "टपावर तू बस." मला वाटलं माह्यासाठी खायला काही आणलं. पोत्यातून निघालं काय, तर काळं, उभट, पिठाच्या डब्याएवढं, समोर काच, अन खाली गुंडाळीच्या वायरला एक दांडीचा डबा. म्या म्हणलं, "हे काय हो?" तर म्हणले, "व्हिडिओ गेम हाय. तुह्याच वयाचा असंल. तिकडच्या देशातून कोणाच्या तरी घरातून भंगारात आलेला. तो टीव्हीला लावायचा राहतो ना, तसला न्हाई, याचा टीव्ही याच्या पोटातच हाय." मग माह्या पोटाकडं बघून हसले अन म्हणले, "तुमी दोघी सारख्याच."

त्याला आपला करंट सोसत न्हाई म्हणून तुमी तार गुंडाळून करंट अर्धा करायचं डबडं केलं. आठ दिवस दुकानात दुसरं काम न्हाई. अन मग एका दुपारी मला हाक मारली, "ये, बघ." काचेत काळंकुट्ट, अन त्या काळ्यात पांढऱ्या रेघा. नुसत्या रेघा. रंग न्हाई, माणूस न्हाई, झाड न्हाई. अशा चमकत व्हत्या की आपल्या घरच्या टीव्हीत तसलं पांढरं कव्हा दिसलंच न्हाई. म्या इचारलं, "ह्याचं बाकीचं चित्र कुठं गेलं?" तुमी हसून हसून लोटपोट झाले. मग मला समजावून सांगितलं, अन ते मी मरेपर्यंत इसरणार न्हाई. म्हणले, "आपला टीव्ही सारवतो. वरून खालपर्यंत सगळी काच सारवीत येतो, चित्र असो नसो. हा सारवीत न्हाई. हा रांगोळी काढतो. जिथं रेघ पाहिजे तिथंच बोट फिरवतो, बाकी जागा काळी सोडतो. अन येवढ्या बिगीनं फिरवतो की तुला वाटतं रेघ जाग्यावरच हाय. ती जाग्यावर न्हाई. ती दर घडीला नव्यानं काढावी लागती."

त्या दिवशीपासून त्याचं नाव रेघी पडलं. रेघी लाव, रेघी बंद कर. आत एकच खेळ व्हता. चहूकडून दगडं येऊन राहिले, अन मधात आपण एक छोटा तिकोना. मी त्याला समोसा म्हणायची. दांडी हलवली की समोसा फिरायचा, बटण दाबलं की गोळी सुटायची, दगड फुटायचा. आतून गुणगुण आवाज यायचा, जास्ती दगडं झाले की गुणगुण वाढायची. मी बसली की लगेच मरायची. तुमी म्हणायचे, "समोसा खाल्ला बघ दगडानं."

तुमाला मशीनपेक्षा माणसं खेळवायला जास्ती आवडायचं, ते बी लिहिते, नुसतं चांगलं लिहून काय करू. दुकानात जो येईल तो म्हणायचा, "काय मेकॅनिक, दवाखाना उघडला का? हे तर हार्टचं मशीन दिसून राहिलं." कोणी नांदेडला बघून आलेलं असायचं. अन तांड्यावरचे थावरा काका रेडिओ घेऊन आले, त्यांना तुमी खुर्चीवर बसवलं अन म्हणले, "काका, आलेच हाय तर हार्ट बघून घ्या, फुकट हाय." मनगटाला एक तुटकी वायर बांधली. काका बिचारे डोळे मिटून बसले. अन नेमकी तव्हाच रेघीची खोड निघाली, सगळे दगडं, समोसा, सगळं खाली बसलं अन काचेत एकच आडवी रेघ राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. काकांनी एक डोळा उघडला. "हे काय रे?" तुमी तोंड पाडून म्हणले, "काका, तुमचं हार्ट सपाट हाय." काकांनी रेघीकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं, अन म्हणले, "मंग बराबर हाय. बायको चाळीस वर्सं तेच सांगून राहिली." सगळं दुकान हसलं, अन हसायचा तुमचा डाव त्यांनी उलटा फिरवला म्हणून तुमी त्यांचा रेडिओ तिथल्या तिथं करून दिला. जाता जाता काका म्हणले, "अन सपाट झालं तर काय करायचं असतं रे?" तुमी म्हणले, "काही न्हाई काका. हात लावायचा न्हाई. आपोआप उठती."

ती रेघीची जुनीच खोड. आत एक टाका सैल व्हता, वरखाली नेणाऱ्या तारेचा. तो सुटला की बोट आडवंच फिरायचं, म्हणून सपाट. मी पयल्यांदा बघितलं तव्हा वरडले अन मशीनला चापट मारली. तुमी माझा हात धरला. "मारू नको. मारलं तर टाका पुरा तुटंल, मग कव्हाच न्हाई येणार. हात लावू नको, वरडू नको, बस. शंभर मोज, रेघ येती." म्या म्हणलं, "टाका पक्का काहून करत न्हाई?" तर म्हणले, "चित्राच्या नळीच्या मागं करंट साठून राहतो, प्लग काढला तरी राहतो. नुसतं उघडायचं म्हणून उघडत न्हाई मी. चालून राहिलं ना, चालू दे."

मी मोजायची. अन तिथंच माझी बोंब. अठ्ठ्याहत्तरपर्यंत सरळ जायची अन मग एकोणऐंशी म्हणायच्या जागी एकोणनव्वद तोंडात यायचं, अन पुढं नव्वद, एक्क्याण्णव. शाळेत बी तिथंच मार खाल्ला. तुमी काम करता करता कान देऊन राहायचे अन लगेच धरायचे, "ए, धा खाल्ले! धा खाल्ले बघ हिनं!" घरात तीच म्हण झाली. भाजीत मीठ कमी पडलं तरी धा खाल्ले. मी चिडून पुन्हा एकपासून धरायची. रेघ बहुतेक चाळीस-पन्नासलाच उठायची, मग मोजायचं तसंच राहायचं. पूर्ण शंभर मला तुमच्यापुढं कव्हाच मोजावं लागलं न्हाई.

आपलं एक भांडण राहिलं, तेबी लिहिते. रेघीला रंग न्हाई म्हणून तुमी काचेवर रंगीत कागद लावायचे. म्हणले, असल्या मशीनसोबत कंपनीचेच रंगीत पत्रे यायचे, ते कुठं तरी हरवले. तुमी कागद कुठून आणला? माह्या रुखवताचा. माह्या मायनं रुखवताच्या ताटांवर लाल-हिरवा जिलेटीन लावला व्हता, तो मी घडी करून पेटीत ठेवला व्हता, अन तुमी कात्रीनं कापला. समोसा हिरवा, दगडं लाल. मी दोन दिवस बोलले न्हाई. तुमी म्हणले, "अगं पेटीत तर अंधारात व्हता, इथं उजेडात हाय." म्या म्हणलं, "तुमाला इचारायला काय झालं व्हतं?" तुमी त्याचं उत्तर दिलं न्हाई. सहा वर्सं झाली, न्हाई दिलं. सोनी झाली, सोनी त्याच्यापुढं रांगली, हिरवा उजेड तिच्या तोंडावर पडायचा अन ती हात घालून रेघ धरायला बघायची, तव्हा माझा राग गेला. पण तुमाला मी तसं सांगितलं न्हाई. वाटलं, रुसून राहिलं तर एखाद दिवशी उत्तर द्याल.

आता पुढचं.

तुमी पलीकडच्या गावात अँटेना उभा करायला गेले. पाईप उभा करायच्या आधी वर तारा बघायच्या, हे तुमीच सगळ्यांना सांगत व्हते. तुमी बघितल्या बी असतील. वारं आलं म्हणतात, पाईप कलला अन तारेला लागला. मी तिथं नव्हते. तुमाला जीपमधून नांदेडला नेलं, हात काळा पडलेला, पण तुमी बोलून राहिले व्हते, म्हणून मला वाटलं हातावर निभावलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणले करंट छातीतून गेला, तीन-चार दिवस हार्टवर नजर ठेवावी लागती. तुमच्या छातीला चिकटपट्ट्या लावल्या, वायरी लावल्या, अन डोक्यापाशी मशीन ठेवलं. काळी काच. हिरवी रेघ.

तुमी मान वळवून बघितलं अन त्या तकलीफीत बी हसले. "बघ," म्हणले, "रेघी हितं बी आली. रुखवताचा हिरवा कागद लावून."

मला तेवढं हसू आलं. अन माझं भ्या गेलं, आवो. तिथंच गेलं. जाऊ नाही पाहिजे व्हतं. बाकीच्या बाया त्या मशीनीकडं बघून रडून राहिल्या व्हत्या, अन मला वाटलं, हे तर आपल्या घरचं हाय, याचं मला समजतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेघ सपाट झाली. मी किंचाळले. सगळा वार्ड हलला. सिस्टर पळत आल्या, तुमच्या छातीवर बोट दाबलं अन रेघ उठली. चिकटपट्टी सुटली व्हती घामानं. सिस्टर म्हणल्या, "ताई, वायर निघाली की सपाट होतं. एवढ्या मोठ्यानं ओरडता का? बाकीचे पेशंट आहेत इथं." मी मेल्यासारखी झाले. तुमचे डोळे उघडे व्हते. ओठ वाळलेले, आवाज बारीक, पण माझी फजिती बघून तुमी गंमत करून राहिले व्हते. म्हणले, "सांगितलं व्हतं ना. वरडायचं न्हाई, हात लावायचा न्हाई. शंभर मोज, रेघ येती."

अन डोळे मिटले. झोप लागली तुमाला. तेच शेवटचं. देवाचं नाव न्हाई, सोनीचं न्हाई, माझं न्हाई.

दुपारी आत एकच माणूस बसू देत व्हते म्हणून आत्याबाई भाईर वऱ्हांड्यात डबा खायला गेल्या. तुमी झोपलेले. मशीन टी टी करून राहिलं व्हतं, पण ते सकाळपासून तसंच करत व्हतं, शेजारच्या दोन मशीनी बी. मी वर बघितलं तर रेघ आडवी. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

म्या तुमच्या छातीकडं बघितलं. चिकटपट्टी वर उचललेली वाटली, का मला तसंच बघायचं व्हतं, काय की. तोंड उघडलं वरडायला, अन सकाळचं आठवलं, सिस्टर आठवल्या, अन तुमचा आवाज कानात आला. मी हात मांडीखाली घालून बसले, चुकून लागू नये म्हणून. अन मोजायला लागले.

बराबर मोजलं. घाई केली न्हाई. चाळीस झाले, पन्नास झाले, न्हाई उठली. म्हणलं उठती. साठ, सत्तर. अठ्ठ्याहत्तर. अन मी एकोणनव्वद म्हणले. नव्वद, एक्क्याण्णव, शंभर झाले अन रेघ तशीच. मला लगेच समजलं की धा खाल्ले. माझं शंभर खोटं व्हतं म्हणून रेघ आली न्हाई, मला खरंच असं वाटलं, आवो, माह्या सोनीची आण, तसंच वाटलं. म्हणून मी पुन्हा एकपासून धरलं. इमानदारीनं. हळूहळू, बोटाच्या पेरावर धरून, की या बारीला चुकायला नको.

दुसऱ्या बारीला मी एकोणऐंशी बराबर म्हणले. आयुष्यात पयल्यांदा. तुमाला सांगायला तुमच्या तोंडाकडं बघितलं, अन तोंड बदललेलं व्हतं.

सिस्टर आपल्या आपणच आल्या, दुसऱ्याची बाटली घेऊन चालल्या व्हत्या. त्यांनी मशीनकडं बघितलं, बाटली खाली पडली. मग पळापळ, डॉक्टर, पडदा. मला भाईर ढकलता ढकलता सिस्टरनं इचारलं, "कधीपासून सपाट आहे?"

तिसरा सवाल. तुमी ज्याच्याबिगर वस्तू घेऊ नको म्हणायचे तो. आठ वर्सं मी लोकांना तोच इचारत आले.

म्या म्हणलं, "आत्ताच."

येवढंच. माणसं येऊन मला म्हणायची, तू लई धीराची, नवरा गेला तरी वरडली न्हाई. डॉक्टर म्हणले करंटनं हार्ट खराब झालं व्हतं, तसं बी झालंच असतं. झालंच असतं का? त्यांना नुसतं "आत्ताच" ठाऊक हाय. त्यांच्या मशीनच्या चिठ्ठीवर मी खोटं लिहिलं, मग त्यांची दुरुस्ती खरी कशी असंल. कोणाला इचारू? इचारायला गेले तर आधी सांगावं लागंल. रात न्हाई दिवस न्हाई, मला वाटतं आता कोणी तरी दारात येईल अन इचारंल, कव्हापासून.

परवा काय झालं ते ऐका. तुमचे मामा म्हणून गेले की ती रेघी घरातून काढा, ज्यानं त्यानं तिला हार्टचं मशीन म्हणून म्हणूनच घात झाला. म्या ती उचलून भाईर ठेवायला घेतली अन पाणी आणायला गेले. येऊन बघते तर सोनीनं तिला लावली व्हती. तुमी बसायचे तसं मांडी घालून बसली, दांडी हातात, तोंडावर हिरवा उजेड. "आई, बघ, बाबाचा समोसा." मला बंद कर म्हणवलं न्हाई. गुणगुण आली अन घरात तुमी असल्यासारखं झालं.

अन रेघ बसली. सपाट.

सोनीनं दांडी खाली ठेवली. दोन्ही हात मांडीखाली घातले. अन तुमच्याच सुरात म्हणली, "आई, हात लावू नको. वरडू नको. शंभर मोज, रेघ येती." अन लागली मोजायला. एक, दोन, तीन.

मी दारात घागर घेऊन उभी. पुन्हा तेच, मी पुन्हा नुसती ऐकत उभी, अन पोटची पोर माझंच करून राहिलेली. पहिलीत हाय ती, उजळणी पक्की हाय तिची. सत्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी. खाल्ले न्हाई. ऐंशी, एक्क्याऐंशी. तिला येतं, आवो. तुमची पोर न अडखळता शंभरला गेली.

रेघ न्हाई उठली.

सोनीनं माह्याकडं मान वळवली. "आई, शंभर झाले. आता काय करायचं?"

तुमी शंभरच्या पुढचं सांगितलंच न्हाई आमाला. कव्हाच न्हाई सांगितलं.

मी वरडले. घागर पडली. दवाखान्यात जे वरडायचं राहिलं व्हतं ते सगळं निघालं, मला थांबवता येईना, सोनी बी भ्याली अन ती बी वरडली, शेजारचे धावले, आत्याबाई परसातून तशाच मातीच्या हातानं आल्या, "काय झालं गं माय? कोण गेलं?" अन म्या सगळ्यांपुढं सांगितलं. तुमी काय बोलले ते. म्या काय केलं ते. दोनदा मोजलं ते, पयल्या बारीला धा खाल्ले ते. "आत्ताच" म्हणले ते.

शेजारच्या बाया एक एक करून गेल्या. आत्याबाईनं रेघीचा प्लग ओढला. रेघ मधात गोळा झाली, ठिपका झाला, तो ठिपका लई येळ राहिला, तुमी म्हणायचे ना आत करंट साठून राहतो, तो गेल्यावर आत्याबाई म्हणल्या, "देवाचं नाव न्हाई घेतलं व्हय मंग." अन आत गेल्या. काल दिवसभर माह्याशी बोलल्या न्हाई. सोनीला त्यांनीच जेवू घातलं.

सोनीला म्या नवीन सांगितलं. कुठं बी, कोणाची बी रेघ सपाट झाली की मोजायचं न्हाई. वरडायचं. कोणी रागवलं तरी वरडायचं. ती म्हणली, "पण बाबानं मोज म्हणलं व्हतं." म्या म्हणलं, बाबा चुकले. आवो, तुमी चुकले. समोर बसून मी तुमाला हे कव्हा म्हणले न्हाई, रुखवताच्या कागदाला बी नीट म्हणले न्हाई. तुमी मशीनचं माणसाला लावलं, अन मला तुमच्यावर भरोसा व्हता. दोघं बी चुकलो. माझी चूक जिती हाय, तुमची चूक तुमी घेऊन गेले. कधी वाटतं ती सकाळ पुन्हा आली तर सिस्टरच्या पुढं तुमच्याशी भांडीन. अन कधी वाटतं, ज्या माणसानं मला सारवणं अन रांगोळी करून टीव्ही समजावला, त्याच्याशी काय भांडू.

आज सकाळी आत्याबाई ओट्यावर बसल्या व्हत्या, सूप पुढं, पण निवडून राहिल्या न्हाई. तोंडातल्या तोंडात काही चाललं व्हतं अन थोड्या थोड्या येळानं तुरीचा एक दाणा बाजूला ठेवत व्हत्या. मला वाटलं जप. जवळ गेले तर मोजून राहिल्या. त्यांना शंभर येत न्हाई, त्यांना इसापर्यंत येतं. इसाला एक दाणा. पाच दाणे झाले की शंभर. मला बघून थांबल्या, खाली बघूनच इचारलं, "दोनदा म्हणली ना?"

"व्हय. दोनदा."

पाच दाण्यांच्या शेजारी पुन्हा एकपासून धरलं. मी खांबाला धरून उभी राहिले. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, कोणी तरी राम राम घातला, त्यांनी वर बघितलं न्हाई. दहावा दाणा ठेवला अन हात मांडीवर पडला.

"लई येळ हाय गं," म्हणल्या.

म्या म्हणलं, "व्हय."

सोनी शाळेला गेलेली. आत्याबाईनं ते दहा दाणे गोळा केले, माझा हात ओढला, मला खाली बसवलं, अन दाणे माह्या मुठीत दिले. रागानं दिले का कशानं, मला सांगता येणार न्हाई, तुमच्या आईचं तोंड तुमालाच वाचता यायचं. म्हणल्या, "मोज आता. माह्यासारखं. इसानं."

मी मोजलं. एक ते इस, एक दाणा. एक ते इस, दुसरा दाणा. त्या कान देऊन बसल्या व्हत्या, तुमी बसायचे तसं. त्यांच्या मोजण्यात एकोणऐंशी येतच न्हाई, आवो. एकोणीस अन मग इस, एकोणीस अन मग इस, बस. पाचवा दाणा ठेवला अन शंभर झाले. पयल्याच बारीला.